ताराबाईचं वेगळं ताट

बेला गावची शुभांगी हैदराबादेत काय शिकते, हे तिच्या वडिलांना, निवृत्त दौलत मास्तरांना, कधी धड सांगता आलं नाही. "फोटो काढाचं शिकते," ते म्हणत, आणि थांबून "आतून" असं जोडत. न्यूक्लियर मेडिसिन हा शब्द त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर वापरून पाहिला, तर लोकांनी बॉम्बची चौकशी केली. तेव्हापासून फोटोच.

शुभांगी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. किरणोत्सारी औषध घेतलेल्या पेशंटने घरी काय पाळायचं, हे समजावण्यात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. आठ दिवस वेगळी खोली, वेगळं ताट, सहा फूट अंतर. तेलुगू, हिंदी, मराठीत तिला हे तोंडपाठ होतं. त्याला दहापैकी नऊ गुण होते. दहावा गुण सर कोणालाच देत नसत.

मग थायरॉईडने तिच्या आईलाच गाठलं. ताराबाईचे हात थरथरू लागले, बसल्या जागी काळीज धडधडायला लागलं. गोळ्या मानवल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्या; उशीर केलात तर हृदय दगा देईल. तारीख ठरली. चार दिवस आधी शुभांगी घरी आली, सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि आपलं नऊ गुणांचं भाषण केलं. गरोदर वहिनीने माहेरी जायचं. शेळ्या बाहेर बांधून त्यांच्या खोलीत मायची खाट टाकायची. तिचं ताट वेगळं.

"मी नाही जात," ताराबाई म्हणाली.

"काऊन, माय?"

"लहानपणी मी पाटलाच्या वावरात कापूस वेचाले जात होती. माहा कप गोठ्याच्या कोनाड्यात राहे. चहा वरून टाकत. आता पोरगी शिकून आली, अन् ते बी मले गोठा दाखवून राह्यली. मरीन, पण वेगळ्या ताटात जेवत नाही."

"हे विज्ञान हाय," मास्तर म्हणाले.

"तवाचे लोक बी शास्त्र हाय म्हणत."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाची गोष्ट तिला ठाऊक होती. फक्त भाषण पाठ करताना ती कुठे आड आली नव्हती.

दोन दिवस मायलेकींचा अबोला. तिसऱ्या दिवशी शुभांगीने पुस्तक काढलं. मध्ये सहा फूट हवेत, भांडी वेगळी हवीत. गोठ्यात कोणी जायचं, ते कुठेच लिहिलं नव्हतं. तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, असं आजवर कोणी विचारलं नाही, पण चालेल.

"माय, तू आपल्या घरात, आपल्या ताटात. आमी जातो शेळ्यांच्या खोलीत."

ताराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "हे जेवतीन पत्रावळीत?"

"जेवतो," मास्तर म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

हैदराबादेत डोस झाला, दोन दिवस दवाखान्यात काढून ताराबाई घरी आली. तिथून पुढचे आठ दिवस निवृत्त मुख्याध्यापक शेळ्यांच्या खोलीपुढे पत्रावळीवर जेवले. तहसीलमध्ये क्लार्क असलेला मुलगा, संघपाल, शेळीच्या वासासकट ऑफिसला गेला. येणारे-जाणारे विचारत, "काऊन मास्तर, घराबाहेर काढलं काय?" मास्तर "हो" म्हणत. विज्ञान समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

पहिल्या दिवशी उंबऱ्याशी भाकर ठेवून मागे सरकताना शुभांगीला रडूच कोसळलं. आतून ताराबाई म्हणाली, "मोजून सरक, बाई. पाच फूट करू नको."

नवव्या दिवशी सकाळी ताराबाई ताट घेऊन अंगणात आली. मास्तरांपुढची पत्रावळ तिने उचलली, शेळीपुढे टाकली आणि मधोमध आपलं ताट ठेवलं. "या सगळे," ती म्हणाली.

शुभांगीने दवाखान्याच्या कार्डावरचे दिवस पुन्हा मोजले, मग बसली. ताट लहान होतं. चौघांचे हात एकमेकांना लागत होते. ताराबाईचा हात मुद्दाम बाजूला होत नव्हता.