बोट कोण बघणार?

आमच्या जलाशयावर त्यांना सगळे फुगेवाले म्हणायचे. कागदोपत्री पद यांत्रिक सहायक. पण ज्याचा अर्धा दिवस पायपंपावर उभं राहून रबरी बोटीत हवा भरण्यात जातो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? मी तिथल्या कार्यालयात टंकलेखक होतो. बदलीसाठी त्यांनी केलेले सहाही अर्ज मी टाइप केले आणि त्यांवर आलेली सहा उत्तरंही मीच फायलीला लावली. त्यामुळे पुढे जे घडलं ते मला जवळून ठाऊक आहे.

धरणाच्या भिंतीपासून दीडेक किलोमीटर आत, पाण्यात, काँक्रीटचा एक मनोरा उभा होता. शहराला जाणारं पाणी तिथून उचललं जायचं. आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन पातळी मोजायची, पाण्याचे नमुने घ्यायचे, जाळीत कचरा अडकलाय का ते बघायचं. जायला साधन एकच. पावणेचार मीटर लांबीची करडी हवेची बोट आणि तिच्या मागच्या फळीला लावलेलं छोटं इंजिन.

ती बोट फुगेवाल्यांनी सतरा वर्षं चालवली. अशा बोटी आठ-दहा वर्षांत उन्हानं चिकट होऊन उकलतात म्हणे. यांची नव्यासारखी राहिली, कारण ते तिला उन्हात एक तासही उघडी ठेवत नसत. दुपार चढली की झडपेतून थोडी हवा सोडायचे, कारण उन्हानं आतली हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो. संध्याकाळी तीच हवा पुन्हा भरायचे. दर सोमवारी साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या शिवणींना लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचे. कुठे आलाच, तर तिथला भाग काचकागदानं घासायचा, पुसायचा, गोंदाचे पातळ दोन हात द्यायचे, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकला की ठिगळ बसवून वरून लाटणं फिरवायचं. लाटणं घरून आणलेलं होतं. बायको म्हणायची, "माझं लाटणं नेलंत ते नेलंत, वर त्या सवतीला वापरता."

सवत म्हणजे बोट. बायको शहरात राहायची, बसनं चार तासांवर. शाळेत शिकवायची आणि सासऱ्यांचं करायची. फुगेवाल्यांच्या वडिलांना पक्षाघात झाल्यापासून उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही तुटक झालं होतं. त्यांना कूस बदलून द्यायला रोज दोन माणसं लागत. एक सून, दुसरी शेजारीण. मुलगी सोळा वर्षांची. तिचं फोनवरचं बोलणं "हो", "बरं", "आईला देते" एवढ्यावर आलं होतं. फुगेवाले महिन्यातून दोनदा घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारची बस पकडून परत यायचे.

सहाव्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. पाचव्यात होतं तेच वाक्य याही वेळी होतं : "जलवाहनाच्या देखभालीसाठी पर्यायी कर्मचारी उपलब्ध नसल्याने विनंती मान्य करता येत नाही." त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि साहेबांकडे गेले. मी दाराशीच होतो.

"साहेब, पर्यायी माणूस तयार करायला किती दिवस लागतात? मी शिकवतो."

साहेब वाईट नव्हते. पण त्यांचं आमच्याकडचं दीड वर्ष उरलं होतं आणि त्यात काही मोडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. "अहो, तुमच्यासारखा हात कुणाचा आहे? तुम्ही गेलात तर बोट कोण बघणार? बोट आहे तोवर तुम्ही आहात, असं धरून चाला."

साहेब हे कौतुकानंच म्हणाले. फुगेवाले बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बोट आहे तोवर."

मला तेव्हा काही कळलं नाही. कळायला हवं होतं. त्यानंतरच्या सोमवारी साबणाच्या पाण्याची बादली बाहेर निघाली नाही. बोटीवरचं आवरण नुसतं टाकलेलं असायचं, दोऱ्या बांधलेल्या नसायच्या. गोंदाचा डबा वाळून दगड झाला तरी नव्याची मागणी माझ्याकडे टाइपला आली नाही. इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यात एक पिन असते. पंखा ओंडक्यावर आपटला तर ती तुटते आणि इंजिन वाचतं. तशी एक जादा पिन ते कायम इंजिनाच्या झाकणाखाली चिकटवून ठेवायचे. दांड्यातली तुटल्यावर त्यांनी ही जादा बसवली, आणि मग झाकणाखालची जागा रिकामीच राहिली. त्यांनी बोटीला सुरी लावली नाही, वाईट म्हणावं असं काहीच केलं नाही. रोज जे आपणहून करत होते, ते करायचं थांबवलं. दोन महिन्यांनी तपासणी होती. तपासणीत बोट बाद झाली की पद बाद, आणि पद बाद झालं की आपण मोकळे, असा त्यांचा हिशेब.

तपासणीला अकरा दिवस उरले असताना शहरातून फोन आला. नळाला गढूळ पाणी येतंय, मनोऱ्यावरचे नमुने आजच्या आज हवेत.

नमुने घ्यायचं काम प्रयोगशाळेतल्या बाईंचं. त्यांना आम्ही नमुनेबाई म्हणायचो, आणि त्या स्वतःच म्हणायच्या, "मी आहेच तशी नमुना." चाळिशीच्या, चष्मा, आवाज खणखणीत. पोहता येत नाही हे त्या लपवत नसत. जाकीट अंगात घालून पट्टे तीनदा ओढून बघत आणि म्हणत, "फुगेवाले, मी तुमच्या भरवशावर आहे हं, देवाच्या नाही."

त्या दिवशीही म्हणाल्या. फुगेवाल्यांना आदल्या दिवशीच दिसलं होतं की मागचा कप्पा मऊ पडतोय. फळी जिथे रबराला चिकटते तिथली शिवण सुटायला लागली होती. "आज बोट निघणार नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण मग लगेच प्रश्न आला असता, का? आणि दोन महिने बोटीला हात लावला नाही हे सांगावं लागलं असतं. त्यांनी पंप मारून कप्पा टणक केला, पाच रिकामे कॅन चढवले, दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि निघाले. सकाळचे दहा वाजले होते.

जाताना काही झालं नाही. मनोऱ्याला बोट बांधून दोघं लोखंडी शिडीनं वर गेले. बाईंनी एक कॅन पाण्यानं भरून घेतला, बाकीचे भरायला वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, बोट अशी का बसलीय?"

मागचा कप्पा पार लुळा पडला होता. इंजिनाच्या वजनानं फळी खाली गेली होती आणि इंजिनाचं डोकं अर्धं पाण्यात. फुगेवाले शिडीवरून उतरले, हात लावून बघितला. शिवण वीतभर उकलली होती. वॉकीटॉकी मागच्या खणात, पाण्याखाली. मोबाइलला त्या डोंगरात कधीच रेंज नसायची. वारा वाढला होता.

भिंतीवरच्या चौकीदारानं दुर्बिणीतून बघितलं आणि आम्हाला फोन केला. साहेबांनी अग्निशामक दलाला कळवलं. त्यांची बोट शहरात, रस्त्यानं यायला चार तास. आम्ही सगळे भिंतीवर जाऊन उभे राहिलो. दीड किलोमीटरवर दोन ठिपके दिसत होते. करण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे दुसरी बोट नव्हती, आणि बोट दुरुस्त करणारा एकुलता एक माणूस त्या ठिपक्यांतला एक होता.

मनोऱ्याच्या वर एक खोली आहे, चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. एक खिडकी, झडपा उचलायची साखळी-कप्पी, भिंतीवर पातळीचं यंत्र. बसायला लाकडी खोकं एकच. त्या खोलीत काय बोलणं झालं ते मला पुढे दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोन्ही हकिकती जुळल्या.

पहिला अर्धा तास बाई धीर देत होत्या. "जुनी झालीय हो बोट. तुम्ही तरी काय करणार?" तिसऱ्यांदा तसं म्हणाल्या तेव्हा फुगेवाल्यांना ते सहन झालं नाही.

"जुनी नाही झाली. मी सोडून दिलीय तिला. दोन महिने."

"सोडून दिलीय म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. अर्ज, साहेबांचं वाक्य, वडिलांची कूस, वाळलेला गोंद, कालच दिसलेली शिवण. खाली बघून सांगितलं.  बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काल दिसलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि आज सकाळी मी पट्टे ओढत होते तेव्हा तुम्ही बघत होतात."

"हो."

"बेडी तुमच्या पायात आणि बुडायचं मी? माझी आई एकटी आहे घरी. तिला ऐकू येत नाही. मी नाही गेले तर दार कुणी वाजवलं हेही तिला कळणार नाही."

 बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथे जायला दुसरीकडे जागाच नव्हती. रागावून निघून जावं तर चौथ्या पावलावर भिंत. त्या पुढे मला म्हणाल्या, "त्याच्यावर ओरडायचंही नव्हतं आणि त्याचा श्वासही ऐकायचा नव्हता. आणि तो तर कानाशी."

तास, दीड तास असा गेला. खाली बोटीचा लुळा कप्पा लाटेबरोबर काँक्रीटला घासत होता. इंजिन आणखी बुडालं तर बाकीचे दोन कप्पेही ओढले जातील, हे फुगेवाल्यांना आवाजावरून कळत होतं. ते उठले. साखळी-कप्पीची कडी खिडकीतून बाहेर सोडली.

"बाई, मला तुमची मदत लागेल. मी खाली इंजिनाचे स्क्रू सैल करतो. साखळी अडकवली की तुम्ही ओढायची."

बाईंनी साखळी धरली. इंजिन वर आलं, खिडकीतून आत घेतलं, खोलीत पाणी गळत पडलं. त्यानंतर फुगेवाल्यांनी उकललेला कप्पा पूर्ण रिकामा करून गुंडाळला आणि दोरीनं आवळला. पुढचे दोन कप्पे टणक होते. पण मागे काहीच उरलं नाही. वल्ही मारायची तर मागची बाजू पाण्यावर राहायला हवी.

ते विचार करत बसले तेव्हा वरून बाई म्हणाल्या, "कॅन बांधा की. रिकामे आहेत चार. बुचं घट्ट लावली की तरंगतील."

"पाचवाही लागेल."

"पाचवा भरलेला आहे."

"ओतून टाका."

"ज्याच्यासाठी आले तोच ओतू? चारांत बसवा."

चारांत बसवलं. दोन फळीच्या आतून, दोन बाहेरून. तीनच्या सुमाराला वारा जरा पडला तशी बोट निघाली. फुगेवाले वल्ही मारत होते, बाई भरलेला कॅन मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या आणि डब्यानं पाणी उपसत होत्या. दीड किलोमीटरला सव्वा तास लागला. अग्निशामक दलाची गाडी वळणावर दिसली तेव्हा बोट काठाला लागत होती. बाई उतरल्या, कॅनवर तारीख-वेळ लिहिली, तो शहरात पोचवायला त्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला आणि थेट घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी फुगेवाले माझ्याकडे आले आणि अहवाल सांगितला. मी टाइप करत गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. "दादा, हे असं लिहू नका. नोकरी जाईल."

"लिही तू. जाऊ दे गेली तर."

साहेबांनी पानभर अहवाल दोनदा वाचला. मग दार लावून घ्यायला सांगितलं. "हा कागद मी बघितलेला नाही," ते म्हणाले. "तुमच्यावर कारवाई करायची म्हणजे तुम्हाला कामावरून दूर ठेवायचं. मग नवी बोट येईपर्यंत जुनी कोण बघणार? शिवण वयानं सुटली, असं लिहून आणा."

फुगेवाल्यांनी लिहून दिलं नाही. साहेबांनी ते स्वतः लिहिलं. गुन्हा कबूल करूनही माणसाला शिक्षा मिळू नये, असा प्रसंग मी तेवढाच बघितला. त्या संध्याकाळी ते छपरीत बसून मागच्या शिवणीला काचकागद मारत होते. नवा गोंद त्यांनी स्वतः जाऊन आणला होता. तपासणीत बोट पास झाली.

हललं ते नमुनेबाईंमुळे. त्यांनी फुगेवाल्यांची तक्रार केली नाही. आपल्या मुख्य कार्यालयाला दोन ओळी लिहिल्या : बोटीची देखभाल जाणणारी किमान दोन माणसं असल्याशिवाय मी मनोऱ्यावर जाणार नाही. नमुने नाहीत तर पाणी पिण्याजोगं असल्याचा दाखला नाही. तीन आठवड्यांत साहेब माझ्या टेबलाशी आले. "तुला पोहता येतं ना रे?"

मला सायकलच्या चाकात हवा भरता येत नव्हती. पण मी हो म्हणालो. त्या सहा उत्तरांतलं एकही मी लिहिलं नव्हतं, तरी माझ्याच हातानं टाइप झालेल्या अर्जांची ती उत्तरं होती. फुगेवाल्यांनी मला सात महिने शिकवलं. फार बोलत नसत. मी गोंद सुकण्याआधी ठिगळ ठेवलं की हात धरत आणि म्हणत, "थांब. अजून ओलंय."

बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या. भरवशाचं ते वाक्य पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. निघण्याआधी स्वतः सगळ्या कप्प्यांवर अंगठा दाबून बघायच्या आणि फुगेवाले बाजूला उभे राहायचे.

सातवा अर्ज मंजूर झाला. पण त्याआधी दीड महिना त्यांचे वडील गेले. फोन आला तेव्हा ते मनोऱ्यावर होते. परत येईपर्यंत दुपारची बस सुटली होती.

मागच्या वर्षी मी शहरात त्यांच्या घरी गेलो. ते आता पंपघरात आहेत, सकाळी आठ ते चार. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेलीय. वडिलांची खाट होती तिथे आता त्यांची खुर्ची आहे. बायकोनं चहा आणला आणि कप ठेवायला जागा शोधत म्हणाली, "यांना अजून कळत नाही घरात कुठे बसायचं ते. जिथे बघावं तिथे मधेच."

फुगेवाले हसले, पाय जवळ घेतले आणि तिला जायला वाट दिली. मग मला विचारलं, "बोटीचा मागचा कप्पा ठीक आहे ना?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायला लागले.