बोकड सरांचा डावा डोळा

आमच्या सरांच्या डब्यात डोळे असायचे. रोज सकाळी भद्रकालीतल्या रशीदभाईंच्या मटणाच्या दुकानातून ताज्या कापलेल्या बोकडांचे चार-सहा डोळे बर्फाच्या चुऱ्यात घालून ते लुनावरून कॉलेजात आणत. डबा तीन खणांचा. वरच्या खणात त्यांची स्वतःची पोळी-भाजी, कारण सर कट्टर शाकाहारी. मी तेव्हा प्राणिशास्त्र विभागात नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते आणि पहिल्याच आठवड्यात चुकून मधला खण उघडून बसले. पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मुलं त्यांना बोकड सर म्हणत, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. माणूस विषयावरून ओळखला जातो यासारखा मान नाही, असं ते उलट आम्हालाच ऐकवत.

विषय होता डोळ्याच्या पडद्यातल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचा. सर त्यांना वॉचमन म्हणत. चांदीच्या क्षाराने पडदा रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसायच्या: इवलंसं अंग आणि चोहोबाजूंना बारीक फांद्यांसारखे हात, सतत आसपास चाचपणारे. डोळ्याला सूज आली की हेच हात आखडायचे, पेशी गोल गरगरीत व्हायच्या आणि दिसेल ते खात सुटायच्या. "कॉलनीतला वॉचमन बघा," सर वर्गात सांगत. "चोर आला एक. याने शिट्टी मारून बाहेरून दोनशे माणसं बोलावली. चोर पळाला, आणि घर मोडलं ते या दोनशे जणांनी." बाहेरची गर्दी म्हणजे रक्तातून येणाऱ्या पेशी. पुस्तकं सगळा दोष त्या गर्दीला देत. सरांचं म्हणणं, पहिली शिट्टी आतून वाजते.

रशीदभाईंना वाटायचं, सर डोळ्यांचं औषध बनवतात. एखाद्या बोकडाचा डोळा सुजलेला असला की ते तो बाजूला काढून ठेवत. "सर, आज एकदम लालभडक पीस आहे, दुसऱ्या कुणाला दिला नाही," असं सांगताना त्यांचा चेहरा मोठा आंबा राखून ठेवल्यासारखा व्हायचा. औषध तयार झालं की पहिली बाटली आपल्या अम्मीला द्यायची, असं त्यांनी सरांकडून वदवून घेतलं होतं. सरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण मग लाल डोळे मिळाले नसते.

या सगळ्यावर सरांचा पीएच.डी.चा प्रबंध चालला होता. चालला होता म्हणजे अनेक वर्षं चाललाच होता. मार्गदर्शक निवृत्त झाले, टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न होऊन तिला मुलं झाली, तरी प्रबंध जागचा हलेना. अडचण साधी होती. बोकड एकदाच मरतो, त्यामुळे एका बोकडाकडून आजाराचा एकच दिवस बघायला मिळतो. आधी काय झालं, नंतर काय झालं, ते कळायचा मार्ग नाही. शिवाय बोकडाला काय दिसतंय ते तो सांगत नाही, ही सरांची जुनी तक्रार होती.

आणि एका सकाळी सर स्वतःच लाल डावा डोळा घेऊन आले.

मी विचारलं, तर म्हणाले चिलट गेलंय. दुसऱ्या दिवशी ते उजेडाला तोंड फिरवायला लागले, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले, आणि सरांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी कपाटातून कोरी वही काढून माझ्यापुढे टाकली. "बाई, लिहा. पहिल्यांदाच बोलणारा बोकड मिळालाय."

मग रोज अकराला सर उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने माझ्याकडे बघत आणि काय दिसतं ते सांगत. मी लिहीत असे. तिसरा दिवस: टिकली दिसते, कानातलं दिसत नाही. नववा दिवस: टिकली गेली, नाक आहे. यातून वॉचमन पेशींबद्दल तसूभरही काही सिद्ध होत नव्हतं, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं की, थेंब सुरू केले तर सूज उतरेल आणि निरीक्षण बिघडेल, एवढंच त्यांचं उत्तर. मी नोकरीत हंगामी होते, सरांचं ऐकायची सवय होती, ही झाली लिहीत राहण्याची कारणं. खरं सांगायचं तर मलाही मजा वाटत होती. त्या मजेची मला अजून लाज वाटते.

सतराव्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा हात डोळ्यावर ठेवला आणि मान पुढे काढून माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं, "लिहा. चेहरा नाही. नुसता धूर. लिहिणाऱ्या बाई रडत असाव्यात, आवाजावरून." मी तेही लिहिलं, अगदी आवाजावरूनपर्यंत. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, रिक्षा बोलावते. सर आणखी दोन दिवस मागायला लागले.

"तुम्ही उठत नसाल तर ही वही आत्ता बेसिनमध्ये घालून पेटवते," मी म्हटलं.

सर उठले. डोळ्यासाठी नाही, वहीसाठी.

गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर सरांना सोडून मलाच झापलं. एवढं शिकलेल्या बाई तुम्ही, दोन आठवड्यांपूर्वी का नाही आणलंत? थेंब झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सूज उतरली, पण पडदा खराब झाला होता. डाव्या डोळ्याला पुढे फक्त उजेड कळायचा.

सर त्यानंतर दर गुरुवारी त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू लागले, कुणी न बोलावता. एकदा मीही सोबत होते. वणीकडचे एक आजोबा म्हणाले, "लाली गेली ना सर, मग आता थेंब कशापायी?" सरांनी चष्मा काढून तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं. म्हणाले, "याची पण लाली गेलीय. बघा किती छान दिसतोय डोळा. फक्त याला तुम्ही दिसत नाही." आजोबा थेंबांची चिठ्ठी घेऊन निमूट औषधाच्या दुकानात गेले.

प्रबंध राहिला तो राहिलाच. सर निवृत्त झाले त्या संध्याकाळी, हारतुरे आटोपल्यावर, मी धीर करून म्हटलं की मी तिसऱ्या दिवशीच थांबवायला हवं होतं. सर सामोसा खात होते. "तिसऱ्या दिवशी थांबवलं असतंत, तर मी दुसरी बाई शोधली असती," ते म्हणाले. "आणि तिचं अक्षर वाईट असतं." एवढं बोलून त्यांनी दुसरा सामोसा उचलला. त्यांना मला मोकळं करायचं होतं, ते मला समजलं. मी झाले नाही.

पुढे काही वर्षांनी सर गेले, हृदयविकाराने, दुपारी झोपेत. रशीदभाई अंत्ययात्रेला आले होते आणि सगळ्यांना सांगत होते की फार मोठं औषध अर्धवट राहिलं.

आता विभाग माझ्याकडे आहे. एखाद्या मुलाचा डोळा लाल दिसला की मी प्रॅक्टिकल अर्धं टाकून त्याला स्वतः दवाखान्यात नेते. रिक्षावालेसुद्धा ओळखतात. बहुतेक वेळा नुसते डोळे आलेले असतात. मुलं पाठीमागे हसतात, माझं काहीबाही नावही पाडलं असेल. असू दे. एकेका मुलाचा एकेक दिवस मी वाचवते. सरांचे ते सतरा दिवस भरून कधीच झाले, पण मला थांबता येत नाही.