चौथी पायरी

शेजारी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजायला लागला, की मला आमच्या जानेफळच्या घराचा जिना आठवतो. ताईला ल्युपस होता, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते आणि उन्हाने बळावतो तो आजार. डॉक्टरांनी उन्हाची मनाई केली तेव्हापासून आम्ही तिला उन्हापासून तेवढं जपत होतो. कुरडयांच्या दिवशीही ती खाली चीक ढवळायची आणि आम्ही गच्चीवर कुरडया घालायचो. त्या सकाळी चीक गार होईल म्हणून तीच भरलेला सोऱ्या घेऊन निघाली आणि चौथ्या पायरीवर छातीला हात लावून बसली. मी वरून म्हटलं, "वर काऊन येऊन राह्यली? ऊन लागन तुले." "ऊन नाही रे, दम लागून राह्यला मले. आठ दिवस झाले," ती म्हणाली. आईने तिच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, मी धावत छत्री आणली. पंधरवड्यात ती गेली. हा आजार हृदयालाही धरतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आता तो वास आला की एवढंच दिसतं, जिन्यात ऊन नव्हतंच, तरी मी तिच्यावर छत्री धरून उभा होतो, आणि माझ्या समाधानासाठी ती मुकाट्याने छत्रीखाली बसून होती.