तीन महिन्यांसाठी गेलेले साडू

खुद्द क्युबात आमच्या साडूंइतका क्युबन माणूस आता उरला असेल असं मला वाटत नाही. आणि आमचे साडू तर गेली वीस वर्षं भांडुपला राहतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत बॉयलरवर होते म्हणून मुलगाही बॉयलरवर. मुलुंडच्या एका कारखान्यात ते फिटर होते. त्या कारखान्याने एक बॉयलर क्युबातल्या साखर कारखान्याला विकला आणि तो बसवून द्यायला साडूंना तीन महिन्यांसाठी पाठवलं. त्यांनी तीन महिन्यांचे कपडे, तीन महिन्यांचा मालवणी मसाला आणि सुकटीची एक भलीमोठी पिशवी बरोबर नेली. पोचल्यावर कळलं की बॉयलर आलाय, पण त्याचा मुख्य व्हॉल्व्ह आलेला नाही. त्या व्हॉल्व्हची वाट बघत साडू तिथे तीन वर्षं दोन महिने राहिले. सुकट पहिल्या पंधरवड्यातच संपली.

परत आले तेव्हा आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. माणूस निम्मा झाला होता, पण बोलणं दुप्पट झालं होतं. आणि जे बोलत ते सगळं तिकडचं. "साडूभाऊ, चारय बाजूक दर्यो, आणि मासो म्हणान गावायचो नाय!" हे त्यांनी टॅक्सीत बसल्या बसल्या मला सांगितलं. हे दुःख त्यांना आजही ताजं आहे. साखर कारखान्यात नोकरी आणि साखर रेशनवर, हे त्यांना चालत होतं. रोज माणशी एक पाव, तोही तळहाताएवढा, हेही चालत होतं. पण समुद्राकाठी राहून बांगडा दिसू नये, ही गोष्ट कुठल्याही क्रांतीच्या हिशेबात कशी बसते, हे त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तिकडून त्यांनी आणलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे रांगेत उभं राहण्याची पद्धत. तिथे म्हणे रांगेत कुणी उभंच राहत नाही. दुकानापाशी जायचं, "शेवटचा कोण?" असं मोठ्याने विचारायचं, शेवटच्याने हात वर केला की त्याच्यामागे आपला नंबर मनात धरायचा आणि सावली बघून खुशाल बसायचं. पुढे जो येईल तो आपल्याला शोधत येतो. ही पद्धत साडूंनी भांडुपच्या बँकेत सुरू केली. पासबुक भरून घ्यायला गेले, दारातून गरजले, "शेवटचा कोण?" एका बाईंनी घाबरून हात वर केला. "ठीक. तुमच्यामागे मी," असं म्हणून साडू समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. अर्ध्या तासाने आले तर त्या बाई काम आटोपून घरी गेलेल्या आणि रांगेत पंधरा अनोळखी माणसं. साडू सरळ खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग जे व्हायचं ते झालं. "ओ काका, लाइन दिसत नाय काय?" "अरे बाबा, माझा नंबर त्या हिरव्या साडीच्या मागे आहे." "कुठली हिरवी साडी?" तिथून पुढे ती हिरवी साडी इतकी वाढली की मॅनेजरला बाहेर यावं लागलं. साडूंनी मॅनेजरला खुर्ची दिली, पद्धत समजावून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "नो एस फासिल." म्हणजे, सोपं नाही. तिकडे हे वाक्य लोक श्वासासारखं वापरतात म्हणे. इकडे ते एकटेच वापरत असल्यामुळे बिल्डिंगमधली पोरं त्यांना फासिलकाका म्हणतात.

तिथे ते एका म्हातारीच्या घरी राहत. ही सत्तरीची बाई त्या गल्लीच्या समितीची प्रमुख होती. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे रेशनबाहेरच्या अंड्यांचा वास आला, हे सगळं तिला माहीत असायचं आणि ते वर कळवायचं हे तिचं काम. साडू तिच्याबद्दल गहिवरून बोलतात. तिच्या पावलावर पाऊल टाकून त्यांनी भांडुपच्या बिल्डिंगची जबाबदारी उचलली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला हटकणार कोण? एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले. साडूंनी त्यांना खालीच थांबवलं. कुठून आलात, कुणाकडे, मुलगा नोकरीत कायम आहे की कंत्राटी, किती वेळ थांबणार. पाहुण्यांना वाटलं हे मुलीचे आजोबा. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पेढ्यांचा बॉक्स तिथेच देऊन टाकला. लग्न जमलं. त्या मुलीच्या लग्नात साडू व्यासपीठावरच्या सोफ्यावर बसले होते आणि खऱ्या आजोबांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली होती.

कारखान्यातल्या कामाच्या त्यांच्या गोष्टी मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकतो. दर सोमवारी सभा व्हायची. महिन्याचं उद्दिष्ट फळ्यावर लिहिलेलं असायचं. महिनाअखेरीला ते गाठता आलं नाही तर साहेब उठायचा, फळ्यावरचा आकडा पुसून कमी करायचा आणि मग सगळे टाळ्या वाजवायचे. कच्चा माल नसला की डॉमिनो. साडू तो खेळ असा शिकले की आमच्या बोरिवलीच्या घरी त्यांनी ठोकळे आपटून जेवणाच्या टेबलाचा पाय मोडला, आणि तो त्यांनीच जुन्या स्कूटरच्या स्टँडची पट्टी लावून दुरुस्त करून दिला. कारण दुरुस्ती ही त्यांची खरी कमाई. तिथे नवीन काही मिळायचंच नाही, म्हणून काहीही कशालाही लावायला ते शिकले. सायकलच्या ट्यूबमधून कापलेली कुकरची रिंग आमच्याकडे अजून चालू आहे. मिक्सर त्यांनी इतका उत्तम केला की तो आता बंद करायला मेन स्विचकडेच जावं लागतं.

पण ह्या सगळ्यात ताईंचं काय होत होतं, हे आमच्यापैकी कुणी फारसं बघितलं नव्हतं. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. अगदी कमी बोलणारी बाई. साडू तिकडे असताना अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणं, दीड वर्षाच्या मुलीला वाढवणं, सगळं त्यांनी एकटीने ओढलं. साडू आले तेव्हा मुलगी आईच्या पदराआडून विचारत होती, "हे काका राहणार आहेत?" आणि परत आल्यापासून घरातली कुठलीही वस्तू घरात राहीना. तिकडे कुणाकडे काही असलं की ते गल्लीचं असतं, हे साडूंच्या अंगात मुरलेलं. ताईंची इस्त्री दुसऱ्या मजल्यावर, मोठं पातेलं चौथ्यावर, आणि शिडी तर बिल्डिंगच्याही बाहेर गेलेली.

गेल्या वर्षी मुलीने ताईंच्या साठीला वॉशिंग मशीन घेऊन दिलं. ताईंनी त्यावर स्वतः विणलेलं कापड घातलं. चार महिने ते सुखाने चाललं. मग गणपतीच्या तीन दिवस आधी तळमजल्यावरच्या बाईच्या ग्राइंडरची मोटर जळाली. ती बाई इडलीचं पीठ विकून घर चालवते, आणि सणाच्या ऑर्डरी घेऊन बसलेली. साडूंनी ताई बाजारात गेल्या असताना मशीनची मोटर काढली आणि ग्राइंडरला बसवली. "तात्पुरती," असं ते म्हणाले. ताई आल्या. त्यांनी मशीनवरचं विणलेलं कापड उचललं, आत बघितलं, कापडाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि त्याच पिशवीत दोन साड्या टाकून थेट आमच्याकडे बोरिवलीला आल्या.

आमच्या हिने विचारलं, "ताई, गणपतीला तीन दिवस राहिले आणि तू इकडे?"

"गणपती त्यांच्याकडे आहे. आरतीला अख्खी बिल्डिंग आहे. मी कशाला हवी?"

एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी साडू आले. ताई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. साडू तासभर बसून गेले. तिसऱ्या दिवशी आले ते मोटर घेऊनच. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या गर्दीत पायपीट करून त्यांनी तळमजल्यावरच्या बाईला नवीन मोटर मिळवून दिली होती, आणि मशीनची मोटर पुन्हा बसवायच्या आधी ताईंना दाखवायला घेऊन आले होते. दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगो, बघ, जशीच्या तशी आहे."

आतून आवाज आला, "मी मोटरीचं बोलत नाही."

साडूंचा चेहरा पडला. मोटर मांडीवर घेऊन ते बसले. मग ते हळूच मला म्हणाले, "साडूभाऊ, एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तो व्हॉल्व्ह अकराव्या महिन्यातच आला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे आला, बसवला, बॉयलर चालू झाला. मला तिकीट मिळत होतं. मीच म्हटलं, थोडे दिवस थांबतो, लोकांना शिकवतो. इकडे पत्रात लिहीत राहिलो, व्हॉल्व्ह यायचाय."

"पण का?"

साडूंनी मोटरचा शाफ्ट बोटाने फिरवला. "मुलुंडला इतकी वर्षं कार्ड पंच केलं. सुपरवायझर मला 'ए बॉयलर' म्हणून हाक मारायचा. नाव त्याला माहीतच नव्हतं. आणि तिथे फाटकातून आत शिरलं की समोर भिंतीवर माझा फोटो. महिन्याचा उत्तम कामगार. सलग चौदा महिने. आता खरं सांगायचं तर बाकीचे कामावरच यायचे नाहीत, पण फोटो तर माझाच ना? गावात कुणाचाही पंखा बंद पडला की लोक माझं नाव घेऊन धावत यायचे. नीट नाव, आडनावासकट. चुकीचं म्हणायचे, पण म्हणायचे. मला ते सोडवेना. आणि मग जितका उशीर झाला तितकं खरं सांगायची हिंमत होईना."

ते हे हळू बोलत होते, पण साडूंचं हळू म्हणजे शेजारच्या बिल्डिंगपर्यंत. दार उघडलं. ताई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

साडूंच्या मांडीवरून मोटर घसरली, ती मी कशीबशी धरली.

"तुमच्या कारखान्याच्या स्टोअरमधल्या भाऊंची बायको हळदीकुंकवाला आली होती. म्हणाली, व्हॉल्व्ह विमानाने गेला हो, आता येतील तुमचे. मी दिवस मोजत बसले. मग तुमचं पत्र आलं, व्हॉल्व्ह यायचाय म्हणून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? वाटलं, असेल तिकडे कुणीतरी. तुम्ही आलात आणि बोलायला लागलात. मी ऐकत राहिले. म्हटलं, कधीतरी तोंडून एखाद्या बाईचं नाव निघेल. वीस वर्षं ऐकतेय! निघते ती सत्तर वर्षांची म्हातारी!"

आमच्या हिला हसू आवरेना, तिने तोंडाला पदर लावला. ताईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. साडू उठले, पुन्हा बसले, मग त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक फोटो काढला. कडा झिजलेल्या, मागे गोंदाचा पिवळा डाग. भिंतीवरचा तोच फोटो. निघताना त्या लोकांनी काढून त्यांना दिला होता. इतकी वर्षं त्यांनी क्युबाबद्दल आम्हाला काय काय सांगितलं होतं, पण हा कधी कुणाला दाखवला नव्हता.

ताईंनी तो घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला. साडू शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे. मला वाटलं आता त्या फाडणार.

"किती वाळला होतात हो," ताई म्हणाल्या. "गळ्याची हाडं दिसतायत. जेवत होतात की नाही? एका तरी पत्रात लिहायचं."

साडू ताईंच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि दोघं मिळून त्या बारक्या, मिशीवाल्या, परक्या भिंतीवरच्या माणसाकडे बघत राहिले. आमची ही चहा टाकायला उठली. घरात लिटरभर दूध होतं, तरी मी दूध आणायला म्हणून पिशवी घेतली आणि जिना उतरलो.