शेकडा दोन, सरकारजमा

आमच्या घरातले सगळे पुरुष एडवणच्या समुद्रावर जगले. मला मात्र समुद्र लागायचा. होडी बंदरातून सुटली की माझं पोट तोंडाशी यायचं, आणि वडील चारचौघांत मान खाली घालायचे. शेवटी त्यांनीच मला जमिनीवर टिकेल असं काम शोधून दिलं. बोईसरला एका गवंड्याच्या हाताखाली मी थापी धरली. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची बांधकामं जोरात निघाली, तेव्हा आठ-दहा माणसं जमवून मी गिलाव्याची कामं अंगावर घेऊ लागलो. ऐंशीनंतरची ती वर्षं. बड्या ठेकेदाराकडून काम घ्यायचं, भिंती गुळगुळीत करून द्यायच्या आणि बिल लावायचं, असा आमचा धंदा.

बिल लिहायची बायको. ती सातवी झालेली, मी चौथीतून उठलेला. तिनं पहिलं बिल इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं की ते द्यायला माझ्या जिवावर आलं. पैसे आले तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती. तीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘वजा : आयकर, शेकडा दोन.’

मी ठेकेदाराच्या हिशेबनिसाला विचारलं, “साहेब, हे काय?”

“सरकारचा कर आहे, मिस्त्री. आता तुम्ही व्यावसायिक झालात,” तो म्हणाला.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. आमच्या सात पिढ्यांत कर भरण्याइतका मोठा माणूस झाला नव्हता. मी घरी येऊन ते सांगितलं. बायकोनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “मोठे झालात ता बरा झाला. पण पावती कुठं हाय?”

पावती नव्हती. पुढच्या बिलाला नव्हती, त्याच्या पुढच्याही नव्हती. अशी तीन वर्षं मी दर बिलाला मोठा होत राहिलो.

आमच्या चाळीत अणुवीज केंद्रातला एक कारकून राहायचा. साताऱ्याकडचा, कायद्याचं वेड असलेला माणूस. चाळीचं पाणी बंद झालं तरी तो आधी कलम शोधायचा. बायकोनं त्याला माझ्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यानं त्या तारखेप्रमाणे लावल्या, चष्मा पुसला आणि मला बोलावून घेतलं.

“वर्षाला सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात किती उरतं?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला. “मग तुम्हाला कर लागतच नाही. कापलेले सगळे पैसे परत मिळतात. फक्त कापणाऱ्यानं दाखला द्यायला हवा. आणि दुसरी गंमत म्हणजे, पोटठेकेदाराचा कर शेकडा एक कापतात. तुमचा दोन कसा?”

म्हणजे मी मोठा झालोच नव्हतो. मी नुसता सोलला जात होतो.

दुसऱ्या दिवशी मी हिशेबनिसासमोर उभा राहिलो आणि दाखला मागितला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलीला मागणी घातली होती.

“मार्चनंतर या.”

मार्चनंतर गेलो तर म्हणाला, छापील फॉर्म संपलेत. फॉर्म आले तेव्हा सही करणारे ठेकेदार शेठ गावाला गेले होते. शेठ आले तेव्हा शिक्का हरवला होता. शिक्का सापडेपर्यंत पुढचा मार्च आला. दर खेपेला तो मला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. इतक्या प्रेमानं मला नाही म्हणणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

त्याच सुमारास शेठनं शिरगावला समुद्राकडे तोंड करून स्वतःसाठी बंगला बांधायला काढला. गिलावा माझ्याकडे. दर नेहमीचा, कपात नेहमीची. काम संपत आलं, वास्तुशांतीची तारीख ठरली आणि माझ्या डोक्यात एक विचार आला. तो मला त्या वेळी फारच हुशारीचा वाटला. मी टेप घेतला, बंगल्याच्या सगळ्या आतल्या भिंती मोजल्या, त्याचे शेकडा दोन काढले. तेवढा चौकोन हॉलमध्ये, दारातून आत आल्या आल्या समोर दिसेल असा, आखून घेतला आणि गिलावा न करता सोडून दिला. नुसत्या विटा. कडा मात्र ओळंबा लावून सरळ काढल्या. काम म्हणजे काम.

शेठ बायकोला घेऊन पाहायला आला. दारातच थबकला.

“मिस्त्री, हे काय ठेवलंस?”

“कपात, शेठ.”

“कसली कपात?”

“शेकडा दोन. तुमचीच पद्धत.”

“अरे, पण एवढी भिंत गेली कुठे?”

“सरकारजमा.”

माझी माणसं बांबूच्या परांचीवरून खाली वाकून ऐकत होती. शेठचा चेहरा लाल झाला. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, दाखला मार्चनंतर मिळेल म्हणून. ते बोलायच्या आत शेठची बायको पुढे झाली. तिनं त्या विटांवरून हात फिरवला, दोन पावलं मागे गेली, मान तिरपी केली.

“अगं बाई, किती छान दिसतंय! मुंबईला हल्ली असंच ठेवतात, विटा उघड्या. याला सागवानी पट्टी मारून घेऊ या.”

शेठनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू हसला. बिल निघालं तेव्हा त्यानं त्या चौकोनाच्या गिलाव्याचे पैसे कापले, कारण गिलावा केलाच नव्हता. आणि उरलेल्या रकमेवर शेकडा दोन आयकर कापला. वास्तुशांतीला मला आमंत्रण होतं. पाहुणे त्या विटांसमोर उभे राहून फोटो काढत होते. मी श्रीखंडाच्या दोन वाट्या खाल्ल्या. तेवढीच वसुली.

घरी बायको हसून हसून खाली बसली. मला राग आला, पण राग धरण्यासारखं काही नव्हतं.

मग चार-सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, हिशेबनीस त्याच्या लुनावरून आमच्या चाळीत आला. चाळीत येऊन तो आमच्या पलंगाच्या कडेवर बसला, आणि या वेळी चहा आम्ही दिला. शेठला आयकर खात्याची नोटीस आली होती. पोटठेकेदारांना दिलेल्या पैशांचा पुरावा दाखवा, असं खात्याचं म्हणणं. माझ्या सगळ्या जुन्या व्हाउचरांवर माझ्या सह्या हव्या होत्या. त्या वेळी घ्यायच्या राहून गेल्या होत्या म्हणे.

मी पेन हातात घेतलंही. सवयच तशी. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“सह्या करतील ते,” ती हिशेबनिसाला म्हणाली. “पैसे मिळाले ता खरंच हाय. पण सगळ्या वर्षांचे दाखले आधी द्या. आमी कुठं जात नाय, हितंच हाव.”

“वहिनी, शिक्का...”

“शिक्का गावला की या.”

शिक्का सोमवारीच गावला. बुधवारी सगळे दाखले आले, शेठच्या सहीसकट. सातारकर शेजाऱ्यानं ते वाचले आणि माझ्या चिठ्ठ्या त्यांच्या शेजारी मांडल्या. दाखल्यांवर कापलेला कर होता शेकडा एक. चिठ्ठ्यांवर होता शेकडा दोन. सरकारच्या नावानं कापलेल्या दोनातला एक सरकारला पोचला होता, आणि दुसरा वाटेत शिरगावला उतरला होता, समुद्रकिनारी.

मी भांडायला जाणार होतो. शेजारी म्हणाला, आधी सरकारकडचे घ्या, ते कागदावर आहेत. त्यानंच अर्ज भरून दिले. मी ठाण्याला चार खेपा घातल्या. तिथल्या साहेबानं मला विचारलं, “इतक्या लहान रकमेसाठी एवढा त्रास कशाला घेता?” मी म्हटलं, “साहेब, कापताना कुणी लहान म्हणालं नव्हतं.” तो हसला नाही, पण कागद पुढे सरकला. वर्षभरानं परतावा आला. चेक बघायला चाळ लोटली. उरलेल्या एका टक्क्यासाठी मी शेठकडे गेलो, तेव्हा त्यानं स्वच्छ शब्दांत मला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याच्याकडचं माझं काम सुटलं. दोन महिने हातात काम नव्हतं, मग दुसऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो. पहिल्याच दिवशी मी दर ठरवायच्या आधी दाखल्याचं विचारलं. तो दचकला, पण दाखले द्यायचा.

तिथेच एका शनिवारी पगार वाटताना मी माझ्या माणसांना ही सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. आपलं कापलेलं आपण कसं सोडायचं नाही, वगैरे. सगळे कौतुकानं ऐकत होते. बिहारकडचा एक गवंडी होता, फार न बोलणारा. तो म्हणाला, “मिस्त्री, हमारा जो हर हफ्ते औजार का कटता है, वो भी वापस आता है क्या?”

थापी, रंधा, घमेली झिजतात म्हणून मी दर माणसामागे दर आठवड्याला थोडे पैसे कापायचो. सगळेच कापायचे. त्यातून किती हत्यारं घेतली, याचा कागद माझ्याकडेही नव्हता.

“मार्चनंतर बघू,” असं माझ्या तोंडून निघून गेलं.

कुणी हसलं नाही. बायको हिशेबाची वही घेऊन शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं पान उलटलं आणि त्या गवंड्याला विचारलं, “तुमी कामावर कधीपासून हाय, सांगा.” तो महिने मोजू लागला, ती लिहू लागली, आणि मी खिशातून पाकीट काढलं.