नंदनवनातल्या विहिरीचं पाणी

विहिरीच्या पाण्यातला रेडॉन मोजणं हे माझं काम. रेडॉन म्हणजे खडकातून निघणारा वायू. भूकंपाआधी जमिनीत ताण वाढला की तो पाण्यात जास्त उतरत असावा, असा एक अंदाज. खात्री कुणालाच नाही. नंदनवन या वस्तीतल्या एका घराची विहीर आम्ही त्यासाठी निवडली होती. तिथे आपल्या भावाकडे एक मावशी राहायच्या. नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून माझी चाललेली खटपट त्या बघत बसायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "हे कायले करून राहिली वं, पोरी?"

मी समजावलं. त्या उठून आत गेल्या. पुढच्या खेपेला मात्र मला हात धरून ओट्यावर बसवलं.

"माहं सासर मराठवाड्यातलं," त्या म्हणाल्या. "भूकंपाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी गढूळ आलं होतं. कोमट बी लागलं हाताले. मी घागर ओतून देल्ली, दुसरी भरली. कोणाले बोलली नाही. पहाटे घर पडलं. मालक अन् पोरगी, दोघं बी दगडाखाली गेले. मी बोलली असती, तर वाचले असते काय?"

"मावशी, पाणी गढूळ व्हायला शंभर कारणं असतात. यंत्रं असून आम्हालाही सांगता येत नाही."

"मंग तू इथं येतं कायले?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

उन्हाळ्यात तिथला रेडॉन अचानक वाढला. शेजारी नवीन बोअर मारली होती. बहुधा तेच कारण असावं. मावशींनी विचारलं तेव्हा मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी पहिलीच ऐकली. पुन्हा गेले तेव्हा अंगणात सगळ्यांच्या खाटा मांडलेल्या होत्या आणि भावाच्या लहानग्या नातीला मावशी घरात पाऊल टाकू देत नव्हत्या. पोरगी रडत होती. भाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आला. "मॅडम, आता नका येऊ. तिले सोसत नाही."

काहीच झालं नाही. जमीन हलली नाही. हळूहळू घरचे आत झोपायला गेले, मावशी बाहेरच राहिल्या, असं नंतर समजलं.

त्या गेल्याचं मला हिवाळ्यात कळलं, म्हणून भेटायला गेले. "थंडीत बी आत आली नाही," भाऊ म्हणाला. "न्यूमोनिया झाला. दवाखान्यात बी म्हणत होती, खाट बाहेर काढा."

त्याच्या बायकोनं चहा आणला. तो आम्ही तिघांनी अंगणातच बसून घेतला.