वेणीचा चुकलेला पदर

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या दगडाच्या फॅक्टरीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. हातात लाल खडू आणि पुण्यात जन्मल्याचा आत्मविश्वास, एवढ्या भांडवलावर मी भल्याभल्यांच्या कामावर फुली मारायचो.

२००८ साली एका बिल्डरला वाळवंटात इंग्लिश खेडं वसवायची हुक्की आली. त्याच्या गोऱ्या आर्किटेक्टने हजारेक वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन चर्चच्या खिडकीचा फोटो दिला. खिडकी कसली, मांजर जेमतेम जाईल एवढं भोक! पण वरची कमान अख्ख्या एका दगडातली आणि तिच्यावर वेणी कोरलेली. वेणीही शाळेला उशीर झालेल्या मुलीची असावी तशी. एकदा वरून, एकदा खालून जाणारा पदर एका ठिकाणी सलग दोनदा वरूनच गेला होता.

रत्नागिरीचे चाचा आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी चुकीसकट हुबेहूब कोरली. मी फुली मारली.

"साहेब, फोटोत तशीच आहे."

"चाचा, तेव्हा क्यूसी नव्हतं. सरळ करा. यल्ला, चला लवकर!"

चाचांनी नव्या दगडावर निर्दोष वेणी कोरली. आर्किटेक्ट आला आणि लालबुंद झाला. त्या चुकीवरच तर त्याचा जीव होता. कोणी सुधारली, म्हणून त्याने विचारताच मी म्हणालो, "कार्व्हरची मिस्टेक, सर." चाचा शेजारीच उभे होते.

मग मंदी आली. खेडं खलास, निम्मा स्टाफ खलास. मॅनेजरच्या यादीत चाचांच्या नावापुढे दोन रिजेक्शन होती आणि दोन्ही माझ्या कृपेने. मला माझा व्हिसा दिसत होता, मुलांची शाळा दिसत होती. मी तोंड उघडलं नाही. चाचा गेले, मी राहिलो. आज लाज वाटते. तेव्हा हायसं वाटलं होतं, हेही खरं.

चार वर्षांनी सुट्टीत माफी मागायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. चाचींनी पुढ्यात सांदणं ठेवली. समोर चिऱ्याच्या भिंतीत चाचांनी पुन्हा कोरलेली तीच खिडकी बसवलेली, पदर सलग दोनदा वरून. चाचांनी उठून एक लाल खडू माझ्या हातात दिला.

"घ्या साहेब, चेक करा."

पाठ केलेलं सगळं विसरलो. कसंबसं म्हणालो, "चाचा, चूक माझी होती."

"ती ठाऊक आहे. मी खिडकीचं विचारतोय."